शेठच्या नावाचा डबा

अण्णा,

मिशनची शाळा सुटली की मी घरी न जाता आधी तुमच्याकडे यायचे. भांडी बाजारात शेठच्या दुकानाच्या पायरीवर गोणपाट अंथरून तुम्ही बसलेले असायचात. मांडीत कुणाचं तरी पातेलं, एका हातात छोटी हातोडी, दुसऱ्यात छिन्नी. मी दप्तर भिंतीला टेकवायचे, पांढरे मोजे मळू नयेत म्हणून पाय पोटाशी घ्यायचे आणि भांड्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरायचे. भांडं हललं की अक्षर नाचतं, असं तुम्ही म्हणायचात. मग टक टक टक करत ठिपक्यांतून कुणाच्या तरी लेकीचं, सुनेचं नाव उमटत जायचं. समोरचा कल्हईवाला रोज तेच विचारायचा, "काय नाववाले, मिशनच्या मडम आल्या का कामावर?" आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "आल्या. तुझ्यापेक्षा वेळेवर येतात." मला त्या 'मडम'चा राग यायचा आणि थोडं बरंही वाटायचं. तांबं-पितळ ऐकतं, स्टील उलट बोलतं, हे तुमचंच वाक्य. तेव्हा बाजारात स्टील नुकतं वाढायला लागलं होतं आणि संध्याकाळपर्यंत तुमचं मनगट सुजायचं. तुम्ही ते माझ्यापुढे धरायचात आणि मी फुंकर घालायचे. फुंकरीने सूज उतरते असं आपण दोघंही मानत होतो.

माझ्या नातींना यातलं काहीच ठाऊक नाही. त्यांच्या घरात एकाही भांड्यावर नाव नाही. त्या विचारतात, "आजी, डब्यावर नाव कशाला? डबा काय शाळेत जातो?" मग मी सांगते, जायचा. आपल्या गल्लीत भांडी माणसांपेक्षा जास्त फिरायची. लग्नाला, बारशाला, मनमाडहून पाहुणे आले तर, नुसती चटणी पोचवायची तरी. भांड्यावर ज्याचं नाव, भांडं त्याचं. दुसऱ्याच्या नावाचं भांडं आपल्या फळीवर दिसलं तर आई आधी ते खाली काढायची, घासायची, आणि परत पाठवताना त्यात मूठभर शेंगदाणे का होईना, घालायचीच. रिकामं भांडं परत करायचं नाही. हे कुणी शिकवलं नव्हतं. नळ आला की पाणी भरायचं, तसंच हे.

मी आठवीत असताना शेठ नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, हे आज मला तेव्हापेक्षा जास्त कळतं. तुम्ही निफाडकडून नाशकात आलात तेव्हा त्यांनीच तुम्हाला पायरीवर बसू दिलं होतं, भाडं न घेता. पण त्या निवडणुकीत त्यांचा हात सैल सुटला. दोन जीपगाड्या फिरायच्या, कर्णे ओरडायचे, मंगल कार्यालयात रोज पंगती उठायच्या. त्यांच्यासमोर आपल्याच गल्लीतल्या नर्सबाई उभ्या होत्या, नगरपालिकेच्या प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे एक लुना आणि स्वतःचा आवाज. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. माझाही पहिला रडण्याचा आवाज त्यांनीच ऐकला होता. त्या दारात उभं राहून म्हणायच्या, "मत द्या न द्या, पण त्या संडासाच्या पाण्याचं बोला कुणीतरी," आणि चहा न घेता पुढे जायच्या.

संक्रांतीनंतरचे दिवस. शेठाणीबाईंनी सगळ्या वॉर्डाचं हळदीकुंकू ठेवलं आणि वाण म्हणून प्रत्येकीला स्टीलचा झाकणाचा डबा द्यायचं ठरलं. शेकड्यांनी डबे आले, आणि त्यांवर नाव घालायचं काम अर्थातच तुमच्याकडे. तो सौदा मी डब्याची कड धरून ऐकला आहे. तुम्ही अक्षरामागे पैसे घ्यायचात. काना, मात्रा, वेलांटी फुकट. तुम्ही कागदावर लिहून दाखवलंत, शेठचं पूर्ण नाव आणि पुढे 'यांजकडून सप्रेम भेट'. शेठनी कागद लांब धरून वाचला.

"हे 'यांजकडून सप्रेम भेट' काढा. नुसतं नाव बास."

"शेठ, भेट आहे तर तसं लिहिलेलं बरं."

"अहो, शेकड्यांनी डबे आहेत. अक्षरं मोजा जरा. जीपचं पेट्रोल होईल तेवढ्यात."

"पण नुसतं नाव घातलं तर डबा तुमचाच राहील," तुम्ही म्हणालात.

शेठ मोठ्याने हसले. "तेच तर पाहिजे. घरोघरी फळीवर माझं नाव."

तुम्ही कागदावरच्या त्या तीन शब्दांवर रेघ मारलीत. चार दिवस तुमचं मनगट खाली ठेवता येत नव्हतं. आई रोज संध्याकाळी हळद-तेल लावायची आणि म्हणायची, "एवढं तर माझं नावसुद्धा कधी लिहिलं नाहीत."

हळदीकुंकवाला आई मला घेऊन गेली. सनई, गुलाबपाणी, वेलदोड्याचं दूध. शेठाणीबाई दारात उभ्या राहून एकेकीच्या हातात डबा देत होत्या. त्या स्वतः दमल्या होत्या आणि त्यांच्या कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं, एवढं मला स्पष्ट दिसतं. एक माणूस बाजूला उभा राहून हळूच म्हणत होता, "ताई, लक्षात ठेवा हां." घरी येताना पिंपळगावच्या माहेराची आपली शेजारीण डबा उन्हात फिरवून बघत होती. "अवं ताई, लय जाड पत्रा हाय. पडला तरी पोचा येनार नाय."

त्या संध्याकाळचं स्वयंपाकघर. आई भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर, डबा मध्ये जमिनीवर. मी त्या वर्षी फार धर्मात्मा झाले होते. आमच्या शाळेत सिस्टर दर शुक्रवारी नीतीचा तास घ्यायच्या आणि त्यात सगळं पांढरं किंवा काळं असायचं. मी म्हणाले, "आई, ही ब्राइब आहे. परत फेकून दे त्यांच्या अंगावर."

"काय आहे?"

"लाच."

"लाच तलाठी खातो," आई म्हणाली. "हा डबा आहे. आणि सवाष्णीनं हळदीकुंकू लावून दिलेलं वाण कुणी फेकतं का? शिकवतात काय गं तुम्हाला तिथे?"

मी पाट ओढून जेवायला बसले. पण आईचं डब्याकडे बघणं थांबलं नाही. भाकरी उलटताना, निखारा पुढे ओढताना ती सारखी त्याच्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "अहो, हा फळीवर ठेवायला माझा हात होत नाही."

"का?"

"ज्याचं भांडं घरात, त्याच्याविरुद्ध मनात काही आणायचं म्हणजे जड जातं. मतदानाच्या दिवशी मत द्यायला जाईन, तर हा डबा माझ्याबरोबर आत येईल. मला एकटीला आत जायचं आहे."

तुम्ही भाकरीचा तुकडा आमटीत बुडवलात. मग म्हणालात, "परत केलास तर माझी पायरी जाईल." त्यात राग नव्हता. पाऊस येईल म्हणावं, तसं म्हणालात. आई थांबली. तिला हे माहीत नव्हतं असं नाही, पण शब्दात आलं की गोष्ट वेगळी होते. पायरी गेली तर माझी शाळा, आजारी भावाचं रोजचं औषध, सगळंच. आई म्हणाली, "मग राहू दे," आणि डबा उचलायला वाकली. तिने तो हातात घेतला, त्याच्यावरचं नाव तिच्या डोळ्यांसमोर आलं, आणि ती तशीच वाकलेली राहिली.

"यावर नुसतं नाव आहे," ती म्हणाली.

"हो. शेठनी अक्षरं वाचवली."

"म्हणजे हा त्यांचा डबा आहे. आपल्याकडे राहिलाय."

तुम्ही वर बघितलंत. तुमच्या चेहऱ्यावर हसू यायला किती वेळ लागायचा ते मला माहीत होतं. आधी डावी मिशी, मग बाकीचं. तुम्ही म्हणालात, "मी त्यांना तसं सांगितलं होतं." आणि मग थोड्या वेळाने, ताटात हात धुताना, "तीळ आहेत का घरात?"

अण्णा, मला आयुष्यात पुढे पुष्कळ शूर माणसं भेटली. पण पायरी जाणार हे समजून 'तीळ आहेत का घरात' असं विचारणारा माणूस मी एकच पाहिला.

दुसऱ्या दिवशी आईने तिळाच्या वड्या केल्या, डबा काठोकाठ भरला, वर क्रोशाचा रुमाल टाकला आणि आम्ही शेठच्या घरी गेलो. शेठाणीबाई झोपाळ्यावर पाय चोळत बसल्या होत्या. "या या. हे काय आणलंत?"

"तुमचा डबा राहिला होता आमच्याकडे, वहिनी."

"राहिला कसा? वाण दिलं ना मी तुम्हाला."

"वाण पोचलं. हळदीकुंकू पोचलं, दूध प्याले, तुमच्याकडचा मान मिळाला. पण डब्यावर नाव तुमच्या घरचं आहे. आणि आमच्या ह्यांच्याच हातचं, मला दिसल्याशिवाय कसं राहील? दुसऱ्याच्या नावाचं भांडं मी ठेवून घेतलं तर लोक ह्यांना काय म्हणतील? नावं घालतो आणि भांडी घरी नेतो, असंच ना?"

शेठाणीबाई आईकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता त्या ओरडणार. पण त्यांनी झाकण उघडलं, एक वडी तोंडात टाकली, आणि चावता चावता त्यांना हसू फुटलं. "यांना सांगितलं होतं मी," त्या म्हणाल्या, "पुरतं लिहा म्हणून. पण माझं ऐकतंय कोण?" मग त्यांनी मला जवळ बोलावून गाल ओढला आणि विचारलं, इंग्रजीत आकडे किती येतात.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. नळावर बायका आईला विचारायला लागल्या. कुणाला ते पटलं, कुणाला गंमत वाटली, कुणाला डबा सोडवत नव्हता. पिंपळगावची शेजारीण म्हणाली, "मी नाय देनार बाई. मला मत त्यान्लाच द्यायचं हाय, मंग डबा कशाला देऊ?" आई म्हणाली, "बरोबर आहे तुझं. तू ठेव." आणि त्या दोघींत तेवढ्यावरून कधी बिनसलं नाही. पण ज्यांना आत एकटीने जायचं होतं, त्यांनी डबे भरले. दुकानाच्या गल्ल्याशेजारी हलवा, चिवडा, गूळपोळ्या, लाह्या यांची रांग लागली. नोकर खाऊन खाऊन कंटाळले. आणि शेठना रागावता येईना, कारण भरलं भांडं घेऊन दारात आलेल्या बाईवर रागवायचं कसं, हे त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

मी पायरीवर होते तेव्हा ते बाहेर आले. "अण्णा, सुरुवात तुमच्या घरून झाली म्हणे."

मी परातीची कड आणखी घट्ट धरली. तुम्ही छिन्नी उचललीत, अक्षर पुरं केलंत आणि मग म्हणालात, "शेठ, मी पहिल्याच दिवशी बोललो होतो."

"आता घालाल का ते 'सप्रेम भेट'? परत वाटू."

"घालू की. पण तिळगूळ खाऊन झालेल्या डब्यावर भेट लिहिली, तर लोक उलट विचारतील, कुणी कुणाला दिली?"

कल्हईवाल्याने भात्याआड तोंड लपवलं. शेठ आत गेले.

ते निवडून आले. हे मी आडपडदा न ठेवता लिहिते, कारण नातींना गोष्ट सांगताना त्यांना वाटतं की आता नर्सबाई जिंकणार. वॉर्ड मोठा होता, जीपगाड्या होत्या, आणि आपली गल्ली म्हणजे सगळा वॉर्ड नव्हे. नर्सबाई मात्र संध्याकाळी पेढे घेऊन आल्या. म्हणाल्या, "डिपॉझिट राहिलं गं. मला वाटलं होतं तेही जाईल." मी लगेच म्हणाले, "आईने तुम्हालाच मत दिलं." आईने माझ्याकडे असं बघितलं की मी हातातला पेढा खाली ठेवला. त्या गेल्यावर तिने मला जवळ बसवलं. "मी कुणाला दिलं, तुला काय माहीत? मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. डबा परत केला तो कुणाला पाडायला नाही." आजपर्यंत मला कळलेलं नाही, अण्णा. तुम्हाला तिने पुढे कधी सांगितलं असेल, तर तेही तुम्ही दोघं बरोबर घेऊन गेलात.

निकालानंतर थोड्याच दिवसांत पायरी गेली. शेठनी तोंडाने काही म्हटलं नाही. दुकानाला शटर बसवायचं आहे, पायरी मोकळी लागेल, असा निरोप मुनीमजींनी दिला. तुम्ही गोणपाट झटकलंत, हत्यारं पिशवीत घातलीत आणि रस्ता ओलांडून समोरच्या बंद दुकानाच्या फळीवर जाऊन बसलात. मी शाळेतून आले तर तुम्ही जागेवर नाही. तेवढ्यात समोरून टक टक ऐकू आलं. मी दप्तर सांभाळत रस्ता ओलांडला तेव्हा तुम्ही म्हणालात, "इथे सावली जास्त आहे." आणि खरंच होती. लोक शेठच्या दुकानात भांडी घ्यायचे आणि नाव घालायला रस्ता ओलांडून तुमच्याकडे यायचे. शेठ गादीवरून बघत राहायचे. महिना-दोन महिने जडच गेले, आईने मसाला कुटून विकला, भावाचं औषध नर्सबाईंनी कुठून कुठून आणून दिलं. पण माझी शाळा सुटली नाही.

आणि तो डबा. दिवाळीत शेठाणीबाईंच्या घरून तोच डबा आपल्याकडे आला, चकल्यांनी भरलेला. निरोप होता, "भरून आलेलं रिकामं कसं ठेवू?" आईने पाडव्याला करंज्या घालून परत पाठवला. शेठ आणि तुम्ही रस्त्याच्या दोन बाजूंना एकमेकांकडे न बघता बसायचात आणि तो डबा तुमच्या डोक्यांवरून वर्षानुवर्षं जा-ये करत राहिला. माझ्या लग्नात त्या डब्यातून बुंदीचे लाडू आले. शेठाणीबाई गेल्या तेव्हा डबा त्यांच्याकडेच होता. आईला त्याचं फार समाधान वाटलं. म्हणाली, "ज्याचं त्याच्या घरी राहिलं."

मी नाशिक रोडला सासरी गेले, बँकेत लागले, आणि ऐंशीच्या पुढच्या निवडणुका बघता बघता सगळं बदललं. आता डबे नव्हते. विधानसभेच्या वेळी मी माहेरी आले होते, तुम्ही ओसरीत बसून विजेच्या नव्या मशीनने नावं घालत होतात. ते मशीन माशीसारखं गुणगुणायचं आणि तुमचं मनगट आता सुजायचं नाही, म्हणून मला त्याचा राग येत नव्हता. एक तरुण माणूस स्कूटर चालू ठेवूनच आला आणि तुमच्या हातात पाकीट देऊन म्हणाला, "काका, घरातली मतं लक्षात असू द्या."

"हे कुणाचं?" तुम्ही विचारलंत.

"समजून घ्या ना."

"समजलं. पण कुणाचं?"

तो हसला आणि गेला. तुम्ही पाकीट उलटसुलट केलंत, नोटा बाहेर काढून चष्म्याजवळ नेल्यात. या आमच्याच नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यात छापल्या असतील, असं मी गमतीने म्हणाले. तुम्ही म्हणालात, "असतील. पण नाव नाही. परत कुणाला करायचं?" आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की शेठ किती साधे होते. त्यांनी पैसे ओतले, पण नाव घालून ओतले. नाव होतं म्हणून आईला परत करता आलं. ज्याच्यावर नाव नाही ते कुठेच परत जात नाही, घरात बसून राहतं, आणि मत द्यायला जाताना बरोबर आत येतं. बँकेत मी रोज नोटा हाताळायचे, पण नोटेची ही बाजू मला त्या दिवशी दिसली.

तुम्ही ते पाकीट बाहेर कट्ट्यावर, दगडाखाली ठेवून दिलंत. "ज्याचं असेल तो नेईल." सकाळी ते नव्हतं. "बघ," तुम्ही दात घासता घासता म्हणालात, "सापडला मालक." आई आतून म्हणाली, "दूधवाला असेल." आणि आपण तिघं किती तरी वेळ हसत होतो.

मी समाधानी आहे, अण्णा. घर छोटं करते आहे, पोरांच्या जवळच्या फ्लॅटमध्ये जायचं आहे, म्हणून सगळी भांडी जमिनीवर मांडून बसले आहे आणि मधूनमधून हे लिहिते आहे. पाठवायचं कुठे हा प्रश्न नाहीच, त्यामुळे घाई नाही. बाहेर परत कर्णे सुरू झाले आहेत. परवा मतदान आहे.

तांब्याचं घंगाळ भावाच्या मुलाकडे जाईल, त्यावर त्याच्या आजोबांचं नाव आहे आणि त्याला ते अंगणात तुळशीजवळ ठेवायचं आहे. आईची परात मोठ्या नातीला, तिच्या हाताला भाकरीचं वळण आहे. पितळी डब्यांचा सेट नर्सबाईंच्या भाचीला, कारण तो मुळात त्यांचाच होता, त्यांनी मला बाळंतपणात दिला आणि त्यावर त्यांचं नाव आहे. ज्या भांड्यांवर कुणाचंच नाव नाही ती कामाला येणाऱ्या मावशींना, त्यांनी निवडून उरतील ती अनाथाश्रमाला. छिन्नी आणि हातोडी भांडी बाजारात फळीवर बसणाऱ्या बाईंना, त्या अजून हाताने नावं घालतात. विजेचं मशीन भंगारात, ते आता चालत नाही. आणि माझं मत, ते कुणाला द्यायचं, हे तुम्हाला म्हणून सांगते, अजून माझं ठरलेलं नाही.